राहूला नेलेली पेटी

नवग्रहांत राहूचे नाव निघाले, की भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. पत्रिकेत राहू आडवा आला म्हणून मोडलेले एखादे लग्न प्रत्येकाच्या नात्यात सापडतेच. पुणे जिल्ह्याच्या नकाशावर जो राहू आहे, तो मात्र कोणाच्या आड येणारा नाही. उलट त्याचे नाव क्रियापद समजून वाचले, तर ‘आपण इथेच राहू’ असे म्हणावेसे वाटेल, असे ते गाव आहे. दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मध्ये काळ्या जमिनीचा जो पट्टा पसरला आहे, त्याला लोक राहू बेट म्हणतात. बेट म्हटल्यावर नावेत बसावे लागेल अशी आमच्या धाकट्याची समजूत होती. ती खोटी ठरली. या बेटाला वेढा आहे तो उसाचा!

पुण्याहून राहूला जायच्या दोन वाटा आहेत. एक सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत आणि तिथून डावीकडे वळून, नदी ओलांडून. यवत म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आणि वारकऱ्यांच्या पिठलं-भाकरीच्या पंगती. दुसरी वाट वाघोलीहून केसनंद, वाडेबोल्हाईच्या बाजूने. आगगाडीने येणाऱ्याला केडगाव स्टेशन सोयीचे. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे ते हेच केडगाव. कोणत्याही वाटेने या, शेवटचे काही मैल उसाच्या दोन भिंतींमधून जावे लागते आणि वाऱ्याबरोबर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड, किंचित जळकट वास येत राहतो.

नकाशा पुढे घेऊन बसले म्हणजे या बेटाची खरी मौज कळते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. ती भीमा राहू बेटाच्या उत्तरेकडून वाहत येते. तिचा पलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा. पुण्याच्या संगमावर एकत्र झालेल्या मुळा आणि मुठा दक्षिणेच्या अंगाने येतात आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात. पुढे उजनीच्या धरणातून हेच पाणी पंढरपूरला जाते आणि चंद्रभागा म्हणवून घेते. म्हणजे आळंदीचे पाणी आणि पुण्याचे पाणी पंढरीची वाट एकत्र चालू लागते ते इथून. आळंदीने पाण्याबरोबर नाम धाडले असेल. पुण्याने काय धाडले आहे, ते जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि त्याखालचे काळसर पाणी पाहून न विचारताच समजते.

परंतु मी राहूला गेलो तो नद्या पाहण्यासाठी नव्हे. मला तिकडे नेले ते एका आवाजाने.

राहूजवळच्या एका वस्तीवर माझ्या पत्नीची मावसबहीण दिली आहे. तिचे सासरे, सगळी वस्ती ज्यांना आबा म्हणते, ते तिथल्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळातले जुने भजनकरी. वय ऐंशीच्या पुढे. अभंगांचे पाठांतर असे, की बुवा अडले तर सर्वांचे डोळे त्यांच्याकडे वळत. गेल्या कार्तिकात आम्ही तिथे गेलो, तेव्हा कळले की आबांनी संध्याकाळच्या हरिपाठाला आणि भजनाला जायचे सोडले आहे. दोन वर्षे झाली. घरात कोणी बोलले तर ते ‘हं’ म्हणत आणि खिडकीबाहेर बघत.

“दाजी, तुम्ही तरी सांगा त्यांना,” मेहुणी म्हणाली. “देऊळ सुटलं तसं माणूस बसून गेलंय.”

मी आबांजवळ बसलो आणि जरा मोठ्याने विचारले, “आबा, भजनाला का येत नाही?”

“पाव्हणं,” ते म्हणाले, “आवाज लई मोठा हाय. पर त्यात शब्द कुठं हाय?”

हे वाक्य मी रात्रभर डोक्यात घोळवीत होतो. पहाटे काकडआरतीला गेलो. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे लावता येत नाहीत. तेव्हा पहाटेची आरती नुसत्या गळ्याने आणि टाळांनी चालते. आबा तिथे होते! गाणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात बसून, ओठ हलवीत. संध्याकाळी मात्र तेच देऊळ, तेच गाणारे, मधे फक्त ध्वनिवर्धक. आणि आबा गैरहजर. मी मागच्या खांबाशी बसून ऐकले, तेव्हा माझ्यासारख्या बऱ्या कानांच्या माणसालाही निम्मे शब्द हरवलेले आढळले.

देऊळ अलीकडेच नव्याने बांधलेले. वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना छातीपर्यंत चकचकीत टाइल. दिसायला सुरेख, पण आवाजाला पिऊन टाकणारे तिथे काहीच नाही. पखवाजाची धुम आणि गाणाऱ्याच्या ‘आ’काराचा घुमारा भिंतीभिंतीवर आपटून परत येई आणि पुढच्या शब्दावर बसे. मंडळी त्यावर एकच उपाय करीत— आवाज आणखी मोठा.

इथे थोडे कानाविषयी सांगितले पाहिजे. आपल्या बोलण्यात स्वरांचे बळ असते खालच्या कंपनांत आणि व्यंजनांची ओळख असते वरच्या. सेकंदाला साधारण दोन हजार ते चार हजार कंपनांच्या टापूत त, ट, क यांचा फरक कळतो. स आणि श त्याहूनही वर पोहोचतात. वय झाले, की कानाची वरची बाजू आधी झडते. मग ‘हात’, ‘हाट’ आणि ‘हाक’ हे तिन्ही शब्द नुसते ‘हा’ होऊन येतात. माणसाला आवाज ऐकू येतो, अर्थ येत नाही. घरची मंडळी ओरडून बोलतात, म्हणजे ‘हा’ तेवढा मोठा होतो. आबांना कानाचे यंत्रही घेऊन दिले होते. पण देवळात त्यातून घुमाराच अधिक ऐकू येई, म्हणून ते त्यांनी ट्रंकेत ठेवून दिले होते.

या दुखण्यावर एक जुने औषध मला ठाऊक होते. आवाजाच्या जुन्या यंत्रांची दुरुस्ती हा माझा सुट्टीचा उद्योग आहे. त्या दुनियेत इक्वलायझर नावाची एक पेटी असते. नावाचा अर्थ ‘सारखे करणारा’. टेलिफोनच्या लांबलचक तारांतून आवाज जाताना त्याची वरची कंपने वाटेत गळत. ती तूट भरून सर्व कंपने पुन्हा सारखी करण्यासाठी ही युक्ती प्रथम निघाली. पुढे बोलपट आणि ध्वनिमुद्रण यांनी ती उचलली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात यूजीन शेंक आणि ऑलिव्हर समर्लिन या दोघांनी १९५१ साली ‘पल्टेक’ नावाची जी पेटी विकायला काढली, तिच्या नकला जगभरचे हौशी लोक आजही घरी बसून करतात. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात पीटर बॅक्झँडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक लेख लिहून खर्ज आणि तार कमीजास्त करण्याचे सोपे मंडळ सर्वांना मोकळे करून दिले. आपल्या घरच्या ॲम्प्लिफायरवर ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ अशी दोन बटणे असतील, तर बहुधा ती त्यांचीच कृपा. आणि ज्यांच्या घरी तबकड्या वाजत होत्या, त्यांच्याकडे तर नकळत एक इक्वलायझर होताच. तबकडी कोरताना खर्ज दाबतात आणि तार चढवितात. वाजविताना नेमके उलटे करावे लागते. पूर्वी प्रत्येक कंपनीचे याबाबतचे माप वेगळे असे. १९५४ साली एक सामाईक माप ठरले, तेव्हा तो घोटाळा मिटू लागला.

खेड्यांना ऐकविण्याचे प्रयत्नही याच काळातले. पुण्याची आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली आणि १९५६ साली तिने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसविली. मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. त्या प्रयोगाचे मर्म यंत्रात नव्हते, लोकांना शब्द कळण्यात होते.

राहूला मी दुसऱ्या दिवशी एक गुऱ्हाळ पाहिले. या भागात गुऱ्हाळे पुष्कळ. चरकातून ऊस जातो, रस काहिलीत पडतो, खाली चुलाण्यात त्याच उसाची वाळलेली चिपाडे धडाडून पेटलेली असतात. गुळव्या म्हणजे तिथला राजा. रस तापू लागला, की तो त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी टाकतो. मळी वर येते आणि तो ती झाऱ्याने काढून बाजूला टाकतो. पुन्हा येते, पुन्हा काढतो. मी विचारले, “गुळाला एवढा रंग यावा म्हणून काय घालता?”

तो हसला. “घालायचं काय? काढायचं असतंय. घाण काढली की रंग आपसूक येतोय.”

पाक होत आल्यावर त्याने त्याचा थेंब गार पाण्यात सोडला, गोळी करून थाळीवर टाकली आणि कान दिला. ‘टण्’ असा आवाज आला, तेव्हा काहील उतरली. जिभेचा धंदा करणारा माणूस शेवटचा निर्णय कानाने घेतो, याचे मला मोठे नवल वाटले.

आता गंमत अशी, की जुन्या घडणीची इक्वलायझर पेटी नेमकी त्या गुळव्यासारखी वागते. तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर यांचे नुसते मंडळ आवाजात कशाचीही भर घालू शकत नाही. ते फक्त काढू शकते. मग एखादा भाग चढतो कसा? त्याची युक्ती अशी: सर्व कंपनांच्या वाटेत आधी एक अडसर घालायचा. मग ज्यांना पुढे न्यायचे आहे, त्या तीन हजारांच्या आसपासच्या मंडळींसाठी अडसराच्या बाजूने एक चोरवाट ठेवायची. आणि ज्यांची गर्दी नको आहे, त्या अडीचशेच्या आसपासच्या घुमाऱ्याला जमिनीकडे जाणारी एक घसरगुंडी करून द्यायची. या खटाटोपात सगळाच आवाज क्षीण होतो. पल्टेकमध्ये तो सुमारे सोळा डेसिबलने, म्हणजे विजेच्या दाबाच्या मापाने जवळजवळ एक षष्ठांशावर येतो. शेवटी व्हॉल्व्ह लावून तो पहिल्या पातळीवर आणायचा. वाढविणे म्हणजे बाकीचे कमी करणे, एवढेच त्यातले शास्त्र.

अडीचशे हा आकडा मी मनाने घेतला नव्हता. मोबाइलवर एकेक स्वर वाजविण्याची सोय असते. देवळात दुपारी कोणी नसताना मी खालपासून वरपर्यंत स्वर चढवीत गेलो. अडीचशेच्या जवळ आले, की सारा सभामंडप एका सुरात गुणगुणू लागे.

पुण्याला परतल्यावर जमवाजमव सुरू झाली. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत कपॅसिटर, बटणे, तारा मिळाल्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला जुना ईसीसी ८३ व्हॉल्व्ह माझ्या संग्रहात होता. त्याची बैठक जुन्या बाजारात एका मोडक्या रेडिओत सापडली. राहिली वेटोळी. ती विकत मिळत नाहीत. स्वतः गुंडाळावी लागतात. फेराइटचा वाटीसारखा गाभा मिळतो, त्याला कारखान्याने एक आकडा दिलेला असतो. माझ्या गाभ्याचा आकडा होता २५०. त्यावर एक हेन्रीचे वेटोळे करायला बरोबर २००० वेढे लागतात, त्याला ०.३९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की ते २५५ कंपनांवर बसते. दुसरे वेटोळे १०० मिलिहेन्रीचे. त्याला ६३२ वेढे. त्याच्याशी ०.०२२ आणि ०.००५६ असे दोन कपॅसिटर शेजारी-शेजारी जोडले, की काम तीन हजारांच्या आसपास होते.

केसासारखी तार दोन हजार वेळा गुंडाळायची आणि मोजणी चुकू द्यायची नाही, हे एकट्याचे काम नव्हे. सासूबाई पुढे झाल्या. “तू गुंडाळ, मी माळ ओढते,” म्हणाल्या. एका वेढ्याला एक मणी. अठरा माळा झाल्या आणि वर छप्पन्न मणी, की दोन हजार पुरे. धाकट्या वेटोळ्याला पाच माळा आणि ब्याण्णव मणी. माळ ओढायची म्हणजे मुखी नाम हवेच. तेव्हा प्रत्येक वेढ्याबरोबर एक नाम त्यात गुंडाळले गेले. आमच्या सौभाग्यवतींनी अंगणातल्या तुळशीकडे पाहून हात जोडले. ते भक्तीने की वैतागाने, हे मी विचारले नाही.

एक सूचना द्यायला हवी. व्हॉल्व्हला अडीचशे व्होल्टच्या घरात वीज लागते आणि बटण बंद केल्यावरही ती कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते. हा खेळ जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावा, मुलांच्या हाती देऊ नये. आणि हेही सांगतो, की हेच काम आज बाजारातला लहानसा डिजिटल मिक्सर थोड्या वेळात करतो. मग हा खटाटोप कशाला? एक तर हौस. दुसरे असे, की पडदा, याद्या आणि परवलीचे शब्द भजनी मंडळाच्या कामाचे नसतात. या पेटीवर दोनच बटणे: एक घुमारा कमी करायचे, दुसरे शब्द पुढे आणायचे.

रामनवमीच्या आधीच्या रविवारी पेटी मांडीवर घेऊन आम्ही राहूला पोहोचलो. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ती जोडली. मंडळींच्या चेहऱ्यावर आदरापेक्षा संशय अधिक होता. बुवांना मी गायला सांगितले आणि मागच्या खांबाशी जाऊन हाताने खुणा करीत राहिलो. पहिले बटण फिरले आणि देवळातला घुमारा ओसरला. बुवा थांबले. “आवाज गेला की हो!” ते म्हणाले. गेला होता तो आवाज नव्हता, पण सवय मोठी विलक्षण असते. दुसरे बटण थोडे फिरविले आणि टाळ लखलखले; तसे मी ते जरा मागे आणले. मग मागे बसलेल्या एका आजीबाई सहज म्हणाल्या, “आता काय म्हणत्यात ते कळतंय.” मंडळी शांत झाली. ॲम्प्लिफायरचे मुख्य बटण पूर्वी सातावर असे. ते आता चारावर आणून ठेवले, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जात होते. देवळामागच्या घरात दहावीचा अभ्यास करणारी एक मुलगी होती. तिच्या आईने पेटीला कुंकू लावले.

आबांना नातवाने हाताला धरून आणले. ते गाणाऱ्यांपासून दूर, मधल्या खांबाला टेकून बसले. नाराजी लपविण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. हरिपाठ झाला. ते तसेच बसले होते. मला वाटले, एवढे सारे करून कान काही उघडले नाहीत. भजन सुरू झाले. तिसऱ्या अभंगाच्या शेवटी आबांनी एकदम हात वर केला.

“बुवा, थांबा.”

टाळ थांबले.

“शेवटच्या चरणात तुम्ही ‘त्या’च्या जागी ‘ह्या’ म्हणताय. अर्थ फिरतोय की!”

बुवा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी वीणा सावरली आणि वाकून नमस्कार केला. “आबा,” ते म्हणाले, “दोन वर्षं कोणी चूक काढली नव्हती. बरं वाटलं.”

आबांना सर्व ऐकू येते असे नाही. कीर्तनकार भराभर बोलू लागले, की त्यांचा धागा सुटतो, आणि घरात दूरदर्शनसंचापुढे ते अजून खिडकीबाहेरच बघतात. गेलेला कान पेटीने परत येत नाही. तिने एवढेच केले, की त्यांच्या उरलेल्या कानापुढची गर्दी हटविली. मेहुणी सांगते, की ते आता संध्याकाळी पाच वाजल्यापासून टोपी शोधतात. सासूबाईंच्या माळेची हकीकत त्यांना कळली, तेव्हा ते म्हणाले, “मंजी पेटीत दोन हजार सहाशे बत्तीस नाम हायेत म्हणा!” हिशेब बरोबर होता. गुळव्यालाही ती पाहायला नेले होते. त्याने झाकण उघडायला लावले, दोन्ही वेटोळी निरखली आणि म्हणाला, “मळी काढताय, आवाजाची.” एवढे नेमके वर्णन माझ्याकडच्या इंग्रजी पुस्तकांत नाही.

बटणांच्या जागेवर बुवांनी शेंदराच्या खुणा करून ठेवल्या आहेत. शेजारच्या दोन वस्त्यांवरून पेटीची मागणी आली. मी त्यांना वेढ्यांचे आकडे लिहून दिले आणि सांगितले, की माळ ओढायला घरातले कोणी तरी बसवा.

दिवाळीनंतर कोणाला सवड असेल तर त्याने राहू बेटात एक दिवस जरूर काढावा. सकाळी संगम पाहावा, दुपारी गुऱ्हाळावर ताजी काकवी चाखावी. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने हिंडू नये. या भागात बिबट्याचा वावर आहे. त्यापेक्षा देवळात जाऊन बसावे. भजन रंगात आले असताना मधल्या खांबाला टेकलेले एक वृद्ध गृहस्थ एकाएकी मान वळवून बुवांकडे बघतील. आपण समजावे, की कुठे तरी एक शब्द चुकला आहे.